वारा फिरला की टॅक मारायचाच का? झुवारीच्या मुखातल्या उन्हाळी शर्यतीचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिडाची होडी इल्का ६, म्हणजे जुन्या नावाने लेझर रेडियल. मे महिन्यातली दोन दिवसांची शर्यत, झुवारीच्या मुखात, दोनापावलासमोर. सरळ चालताना वेग बाकीच्यांच्या बरोबरीचा, तरी वरच्या बोयापर्यंत (वाऱ्याकडच्या तरंगत्या खुणेपर्यंत) पोचेस्तोवर दहा-बारा होड्या पुढे गेलेल्या असतात. सकाळच्या शर्यतींत प्रत्येक हेडरला, म्हणजे वारा नाकाकडे फिरून होडी खाली वळवावी लागली की, टॅक मारला, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूने चढायला लागलात. दुपारीही तेच केलं. शेवटच्या शर्यतीत ‘दुपारी उजवीकडे जा’ हे ऐकून उजवीकडे गेलात, तर तिथे वाराच नव्हता. आता होकायंत्र घ्यावं का आणि शीड कसं लावावं, असं तुम्ही विचारलं आहे.

शिडाचं पुढे सांगतो, पण तुमचं अंतर शिडात जात नाहीये. ‘हेडर आला की टॅक’ हा नियम एका प्रकारच्या वाऱ्याचा आहे आणि तुम्ही तो दोन्ही प्रकारांना लावलात. वारा एका मधल्या दिशेच्या दोन्ही बाजूंना झुलत असेल तर तो नियम बरोबर आहे. वारा एकाच बाजूला सरकत चालला असेल तर तोच नियम तुम्हाला नेमका चुकीच्या बाजूला नेतो. म्हणून पाण्यावर उतरल्यावर पहिला प्रश्न हा: आजचा, या तासाचा वारा झुलतोय की सरकतोय?

एप्रिल-मेमध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर बहुतेक दिवस असा जातो. पहाटेपासून मतलई वारा, पूर्व-ईशान्येकडून जमिनीवरून येणारा, ४ ते ८ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किमी). नऊ-दहाच्या सुमारास जमीन तापली की तो पडायला लागतो. मग अर्धा-एक तास, कधी त्याहून जास्त, पाण्यावर तेल ओतल्यासारखी शांतता. अकरा ते एकच्या दरम्यान खारा वारा पश्चिमेकडून धरतो, तीनच्या आसपास १० ते १४ नॉटपर्यंत चढतो आणि ऊन कलल्यावर उतरतो. सुरुवातीला तो किनाऱ्याला जवळजवळ काटकोनात येतो, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेकडून किंवा किंचित नैर्ऋत्येकडून. पुढे पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो उजवीकडे वळत जातो. शिवाय या महिन्यांत अरबी समुद्रावरचा मूळ वाराच वायव्येचा असतो, तोही त्याला तिकडेच ओढतो. बाराला २६० अंशांवरून येणारा वारा चारला ३०० च्या आसपास असणं हे उन्हाळ्यात नेहमीचं आहे.

म्हणजे सकाळचा मतलई झुलता आहे. तो डोंगर, माड, इमारती ओलांडून येतो, तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट वर उठतात आणि त्यांच्यामधून थंड झोत खाली उतरतात. दर तीन-आठ मिनिटांनी तो डावी-उजवी करतो. दुपारचा खारा वारा सरकता आहे, आणि त्या सरकण्यावर छोटे झोकेही असतात. मधला शांत काळ या दोन्हींत बसत नाही, त्याचं वेगळं बघू.

किती मीटरचा हा प्रश्न आहे ते आधी पाहा. दोन होड्या वाऱ्याला आडव्या, एकमेकींपासून १०० मीटरवर चालल्या आहेत. वारा १० अंश फिरला, तर ज्या बाजूला फिरला त्या बाजूची होडी १७ मीटर वर जाते. ५ अंशांना जवळपास ९ मीटर. इल्काची लांबी ४.२ मीटर, म्हणजे १० अंशांत चार होड्यांचं अंतर. याउलट हजार मीटरच्या चढाच्या पायात (वाऱ्याकडे जाणाऱ्या टप्प्यात) तुम्ही दोन टक्के जास्त वेगाने गेलात तर कमाई साधारण २० मीटरची. दोन टक्के वेग मिळवायला महिने लागतात. मीटर मोजल्याशिवाय आपण शिडाच्या दोऱ्यांशी खेळत बसतो, आणि जाणाऱ्या होड्या दुसऱ्याच कारणाने जात असतात.

दुसऱ्या पारड्यात टॅकची किंमत ठेवा. मध्यम वाऱ्यात नीट मारलेला टॅक एक-दीड होडी खातो, ५ नॉटमध्ये दोन-अडीच. तीन अंशांच्या फरकाला टॅक मारणं म्हणजे रुपया देऊन आठ आणे घेणं. ५ ते ७ अंशांच्या खालचा फरक सोडून द्या, आणि जो फरक अर्धा मिनिटही टिकणार नाही तोही सोडा.

सकाळच्या वाऱ्याचे आकडे

होकायंत्र घ्याच. पण घेऊन त्याच्याकडे नुसतं बघू नका, आकडे लिहा. समजा मतलई सरासरी ७० अंशांवरून येतोय आणि ६० ते ८५ मध्ये झुलतोय. इल्का वाऱ्याशी साधारण ४५ अंशांनी चढते. स्टारबोर्ड टॅकवर (वारा उजव्या बाजूने घेताना) होडीचं नाक वाऱ्याच्या डावीकडे असतं, म्हणजे सरासरीला २५. पोर्ट टॅकवर (वारा डाव्या बाजूने घेताना) उजवीकडे, म्हणजे ११५. आता लक्षात ठेवायचं एवढंच: स्टारबोर्डवर आकडा वाढला तर लिफ्ट (वारा फिरल्याने नाक वर घेता येतं), घटला तर हेडर. पोर्टवर याच्या उलट, आकडा घटला तर लिफ्ट, वाढला तर हेडर. सुरुवातीला डोकं गोंधळतं. म्हणून कॉकपिटच्या पुढच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर ग्रीस पेन्सिलीने दोन आकडे लिहा: डाव्या हाताला २५, उजव्या हाताला ११५, आणि प्रत्येकाशेजारी लिफ्ट कुठल्या बाजूला ते दाखवणारा बाण.

हे दोन आकडे म्हणजे मधली रेघ. तुमची चूक इथे आहे, आणि ती चांगले चांगले करतात. तुम्ही स्टारबोर्डवर ३५ वर चालला आहात, भरपूर लिफ्ट आहे. वारा थोडा डावीकडे आला, आकडा २९ झाला. सहा अंशांचा हेडर लागल्यासारखं वाटतं, हात टिलरकडे (सुकाणूच्या दांड्याकडे) जातो. पण २९ म्हणजे अजूनही २५ च्या वर. अजूनही हाच टॅक चांगला आहे. इथे टॅक मारलात तर पोर्टवर तुम्ही ११९ वर, म्हणजे सरासरीपेक्षा वाईट कोनात चालाल. आकडा २५ च्या खाली उतरला, २१-२२ वर जाऊन टिकला, की मग मारा. तुलना मघाच्या आकड्याशी नाही, सरासरीशी करायची.

हे आकडे आणायचे कुठून? शर्यतीच्या पहिल्या इशाऱ्याच्या किमान चाळीस मिनिटं आधी पाण्यावर पोचा. वरच्या बोयाच्या दिशेने आठ-दहा मिनिटं चढा, दोन्ही टॅकवर, आणि दर दोन मिनिटांनी आकडा लिहा. मग थांबून नाक थेट वाऱ्यात धरा, शीड मधोमध फडफडू द्या आणि वाऱ्याची दिशा लिहा. दहा-बारा नोंदी झाल्या की सर्वांत लहान, सर्वांत मोठा आणि मधला असे तीन आकडे हातात येतात. झोक्याला किती वेळ लागतो तेही कळतं. झोका पाच मिनिटांचा आणि चढाचा पाय बारा मिनिटांचा असेल तर दोन-तीन टॅकची शर्यत आहे, दहा टॅकची नाही.

टॅक मारण्याआधी एक गोष्ट तपासायची, आणि त्यावर जरा थांबतो, कारण हलक्या वाऱ्यात सर्वाधिक होड्या इथे जातात. वारा पडला की शिडाला हेडर लागल्यासारखंच दिसतं. हिशोब करून बघा: खरा वारा ८ नॉट, होडी ४ नॉट, तर शिडाला लागणारा वारा नाकापासून साधारण ३० अंशांवरून येतो. वारा अचानक ५ नॉट झाला, पण होडी अजून आपल्या जोरावर ४ नॉटने चालली आहे, तर तोच वारा २५ अंशांवरून लागतो. दिशा जराही बदललेली नाही, तरी शिडाची पुढची कड आत फुगते, आतल्या बाजूचा टेलटेल (शिडावर चिकटवलेला दोऱ्याचा तुकडा) वर उडतो. तुम्ही नाक खाली घेता. होडी खाली वळली म्हणून होकायंत्राचा आकडाही (स्टारबोर्डवर) घटतो. आता डोळा आणि यंत्र दोघंही ‘हेडर’ म्हणतात, आणि दोघंही फसलेले असतात. टॅक मारलात तर वेग आधीच पडत असताना टॅक, म्हणजे तीन-चार होड्यांचं नुकसान, आणि नवा टॅक चांगला नाहीच.

फरक अंगाला कळतो. वारा पडला असेल तर बुडाखालची होडी सपाट होते, तुमच्या बाजूला कलायला लागते, पायांवरचा हायकिंगच्या (अंग बाहेर टाकून बसायच्या) पट्ट्याचा ताण जातो, शीट (शीड आत-बाहेर करणारी दोरी) हातात सैल होते. खरा हेडर असेल तर शीड पुढून फुगतं पण हवेचा जोर तोच असतो, शीटचा ताण टिकून असतो. म्हणून शीड फडफडलं की आधी अंग आत घ्या, होडी किंचित खालच्या बाजूला कलू द्या, शीट वीतभर सैल करा आणि नाक आहे तिथेच ठेवा. मनात पाच आकडे मोजा. तेवढ्यात वेग स्थिरावतो. त्यानंतरही आकडा वाईटच असेल तर तो हेडर खरा. झोत येतो तेव्हा याच्या उलट होतं: शिडाला लिफ्ट मिळाल्यासारखी वाटते, पण त्यातली बरीचशी झोताच्या जोराची असते आणि होडीने वेग घेतला की नाहीशी होते. त्या खोट्या लिफ्टवर नाक वर खेचून वेग मारू नका.

सारखे टॅक मारताना शर्यतीच्या नियम ४२ ची (अंगाच्या हालचालीने होडी पुढे ढकलण्यावरच्या बंदीची) भीती वाटते, तर एक स्पष्ट करतो: वाऱ्यातल्या बदलाशी किंवा डावपेचाशी संबंध नसलेले वारंवार टॅक किंवा जाइब (होडीची मागची बाजू वाऱ्यातून फिरवून वळणं) मारायला बंदी आहे. वारा फिरला म्हणून मारलेला टॅक चालतो. मात्र तो झोका देऊन मारताना, टॅक संपल्यावर होडी टॅक न मारता जेवढ्या वेगात असती त्याहून जास्त वेगात निघता कामा नये.

दुपारी हाच नियम का उलटतो

समजा एक वाजता सुटलात, वारा २६५. स्टारबोर्डचा आकडा २२०, पोर्टचा ३१०. वारा उजवीकडे सरकतोय. तुम्ही पोर्टवर उजवीकडे चालला आहात आणि आकडा ३१३, ३१६, ३२० असा वाढतो, म्हणजे हेडरमागून हेडर. सकाळच्या सवयीने ३१६ ला टॅक मारलात की स्टारबोर्डवर डावीकडे निघालात. वारा पुढेही उजवीकडेच सरकला, म्हणजे तुमच्या उजवीकडची प्रत्येक होडी तुमच्या वर चढत गेली. तुमची स्टारबोर्डची लिफ्ट दिसायला छान होती, पण ती सगळ्यांना मिळत होती आणि उजव्या हाताच्या होड्यांना तुमच्याहून आधी. सरकत्या वाऱ्यात ज्या बाजूला वारा जाणार त्या बाजूला आधी जायचं, आणि जाताना हेडर सोसायचा. मन घाबरतं, कारण त्या काही मिनिटांत डावीकडच्या होड्या पुढे दिसतात. त्या अजून पुढे नसतात.

पण किती सोसायचं? उजव्या ले-लाइनपर्यंत, म्हणजे जिथून टॅक मारून थेट बोया गाठता येतो त्या रेघेपर्यंत, नाही. तिथे पोचून स्टारबोर्डला आलात आणि वारा अजून सरकला, तर लिफ्ट मिळून तुम्ही बोयाच्या वरून जाल, आणि ती सगळी जादा उंची वाया. ले-लाइनच्या दोन-तृतीयांश अंतरावर वळा. वारा सरकला की तिथूनच बोया गाठता येतो. नाही सरकला तर अजून एक जोडी टॅक लागेल, तेही फार महाग नाही.

झुलतं की सरकतं हे ओळखण्याचा मार्ग पुन्हा तीच नोंद. १२:२० ला २६२, मग दर पाच मिनिटांनी २६६, २६४, २७०, २६८, २७४. मधेमधे मागे येतोय, पण तळ आणि माथा दोन्ही वर चाललेत. हा सरकता वारा, वर झोके घेऊन. अशा दिवशी सरासरी संपूर्ण तासाची धरू नका, शेवटच्या पंधरा मिनिटांची धरा, आणि प्रत्येक शर्यतीआधी चिकटपट्टीवरचे आकडे पुसून नवे लिहा. अकराच्या आकड्यांवर दोनची शर्यत खेळणारे बरेच दिसतात.

आता तुमचा ‘उजवीकडे वाराच नव्हता’ हा अनुभव. सल्ला चुकीचा नव्हता, जागेला अर्धवट लागू होता. झुवारीच्या मुखात पश्चिमेकडे तोंड केलं की उजवा हात म्हणजे उत्तर, म्हणजे काबोचा डोंगराळ सडा, ज्याच्या टोकावर राज्यपालांचं निवासस्थान आहे. दोनापावलाची जेटी आणि हवाई बीच त्या टोकाच्या पूर्वेला, आडोशाला आहेत. वारा पश्चिम-वायव्येचा झाला की तो सड्यावरून आणि वरच्या झाडीवरून उतरतो, आणि त्याच्या पायथ्याशी पाणी मेलेलं असतं, मधूनच कुठूनही झोत येतो. ढोबळ हिशोब असा की अडथळ्याच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत वारा तुटका राहतो. म्हणून तिथे ‘उजवीकडे’ म्हणजे शर्यतीच्या मार्गाच्या मध्याच्या उजवीकडे, किनाऱ्याखाली नव्हे. आडोशाची हद्द पाण्यावर दिसते: एका बाजूला बारीक, एकसारख्या गडद लहरी, दुसऱ्या बाजूला चट्ट्यापट्ट्याचं चकाकणारं पाणी. त्या हद्दीच्या पन्नास-साठ मीटर अलीकडेच वळा. वारा जितका वायव्येला जाईल तितकी ही हद्द आत, नदीकडे सरकते. तीनच्या शर्यतीत ती एकच्या जागी नसते.

शर्यत मिरामार-करंझाळ्यासमोर आग्वादच्या उपसागरात असेल तर समोर उघडा समुद्र आहे आणि उजवा हात मोकळा. तिथे उजवीकडे जाण्यात धोका कमी. वारा फार उत्तरेला गेला तरच आग्वादच्या टेकडीची सावली वरच्या बोयाकडे पोचते.

मधला शांत काळ

साडेदहाची शर्यत मतलईवर सुटते आणि निम्म्यात वारा मरतो, हे मे महिन्यात ठरलेलं. अशा वेळी झुलत्याचं गणित बंद करा. नवा वारा पश्चिमेकडून येणार हे माहीत आहे, तेव्हा थोडं अंतर गमावूनही समुद्राच्या बाजूला राहा, कारण तो वारा त्या होड्यांना दोन-तीन मिनिटं आधी भेटतो. खुणा बघा. घाटाच्या बाजूला कापसासारखे ढग उभे राहायला लागले, की जमीन पुरेशी तापली. पश्चिमेला क्षितिजाजवळ पाण्यावर गडद निळी रेघ दिसली, की वारा निघाला. बाहेरच्या ट्रॉलरवरचं निशाण बघा, धूर बघा. नांगरलेल्या बार्जचं तोंड बघून मात्र ठरवू नका. हलक्या वाऱ्यात ती भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड करून उभी असते, वाऱ्याला नाही.

शांततेत होडीतली हालचाल कमीत कमी. अंग पुढे, डॅगरबोर्डजवळ (होडीखाली उतरणाऱ्या उभ्या फळीजवळ), होडी खालच्या बाजूला पाच-सात अंश कललेली, म्हणजे शीड आपल्या वजनाने आकार धरतं. समितीने एपी निशाण (सुरुवात पुढे ढकलल्याची खूण) चढवलं तर किनाऱ्याकडे गप्पा मारायला जाऊ नका. एपी उतरल्यावर एका मिनिटात इशाऱ्याची खूण होते आणि मग नेहमीची पाच मिनिटं. एकूण सहा मिनिटं हातात, आणि वारा पूर्ण वेगळ्या दिशेचा. त्या सहा मिनिटांत नवे आकडे घ्यायचे आहेत.

ओहोटी, भरती आणि सुरुवातीची रेघ

झुवारीत वाऱ्याइतकंच पाणी फिरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जोर जास्त, अष्टमीच्या भांगाला कमी, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ओढ मोजायला अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली नांगरलेल्या बोयाशेजारी सोडा आणि तीस सेकंद मोजा. १५ मीटर गेली तर ओढ १ नॉटची. बाटली उचलून परत आणा.

दुपारच्या पश्चिमेच्या वाऱ्यात ओहोटी असेल तर पाणी तुम्हाला वाऱ्याकडे, म्हणजे सुरुवातीच्या रेघेच्या पलीकडे ढकलतं. अशा दिवशी निम्मा ताफा वेळेआधी रेघेवर जातो, मग सर्वांना परत बोलावलं जातं, आणि पुढच्या वेळी आय किंवा काळं निशाण लागतं. आय निशाण असताना शेवटच्या मिनिटात रेघ ओलांडली तर टोकाला वळसा घालून यावं लागतं. काळ्या निशाणाला ती सूटही नाही. ओहोटीत रेघेपासून नेहमीपेक्षा एक-दीड होडी मागे उभे राहा. भरतीत उलट होतं: सगळे मागे ओढले जातात, मधला भाग लटकतो, आणि ज्याला हे कळलंय त्याला मधोमध मोकळी रांग मिळते. ओहोटीविरुद्ध वारा असला की मुखात तोकड्या, उभ्या लाटा उठतात. उन्हाळ्यात दुपारी खाऱ्या वाऱ्याबरोबर लाटा वाढतात हे दोनापावलाच्याच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मोजून दाखवलं आहे. अशा लाटांत नाक वर खेचून चालणारी होडी थांबते.

फिरत्या वाऱ्यात रेघेचं कुठलं टोक वर आहे हे एकदा बघून भागत नाही. पाच मिनिटांच्या खुणेला, तिसऱ्या मिनिटाला आणि दीड मिनिट उरलं असताना, असं तीनदा बघा. समितीच्या बोटीपासून पिनकडे (रेघेच्या डाव्या टोकाच्या खुणेकडे) पाहून रेघेचा आकडा घ्या. वाऱ्याचा आकडा वजा ९० एवढा तो असेल तर रेघ सरळ. रेघ २०० असेल तर २९० चा वारा सरळ, २८० झाला तर पिन १० अंशांनी वर, ३०० झाला तर समितीची बोट वर. १०० मीटरच्या रेघेत १० अंश म्हणजे पुन्हा तेच १७ मीटर.

पण टोकापेक्षा पुढचा टॅक महत्त्वाचा. वारा उजवीकडे झुललेला असताना सुटलात तर स्टारबोर्डला लिफ्ट आहे, समितीच्या बोटीजवळून सुटा आणि सरळ चालत राहा. वारा डावीकडे झुललेला असेल तर पिन वर दिसते, पण तुम्हाला लगेच पोर्टवर जायचंय आणि पिनला सुटलात तर वरची रांग तुम्हाला टॅक मारू देत नाही. म्हणून पिनपासून एक-तृतीयांश अंतर वर सुटा आणि पहिल्या फटीत वळा. चार-पाच मीटर कमी घेऊन सुटण्यात शहाणपण आहे, कारण चुकीच्या टॅकवर अडकलेलं एक मिनिट त्याच्या कितीतरी पट खातं.

शीड

फिरत्या वाऱ्यात शीड चुका माफ करणारं हवं. तंतोतंत ताणलेल्या शिडाला चालण्याचा कोन अरुंद मिळतो, आणि वारा दर मिनिटाला हलत असताना तुम्ही त्या कोनाबाहेरच जास्त असता. ५ ते ८ नॉटला: आउटहॉल (शिडाचा तळ ताणणारी दोरी) असा की बूमच्या (शिडाखालच्या आडव्या काठीच्या) मध्यावर शीड आणि बूम यांच्यात तळहाताची रुंदी राहील. कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ओढणारी दोरी) पूर्ण सैल, कडेला आडव्या सुरकुत्या दिसल्या तरी चालतील. मेनशीटच्या दोन पुल्यांमध्ये वीतभर अंतर. व्हँग (बूम खाली धरून ठेवणारी दोरी) फक्त ढिलाई काढण्यापुरता. वारा पडला की शीट आणखी वीतभर सोडा, आला की अंग बाहेर आणि शीट आत, एका हालचालीत. १२ नॉटच्या वर व्हँग घट्ट करा म्हणजे शीट सोडली तरी बूम वर न उचलता बाहेर जाईल, आणि कनिंगहॅम ओढून पोट पुढे आणा. तरीही पुल्या एकमेकींना टेकवून चालू नका, बोटभर फट ठेवा. इल्का ६ चं शीड ५.७६ चौरस मीटरचं आहे. ६० किलोच्या आसपासच्या चालकाला १४ नॉटला ते जड जातं, त्याने व्हँग इतरांच्या आधीच घ्यावा.

उतारावर, म्हणजे वाऱ्याबरोबर जाताना, हिशोब उलटतो: ज्या जाइबवर हेडर आहे ती बोयाकडे जास्त सरळ नेते. मागे वळून झोत बघत राहा आणि त्याच्यासोबत राहण्यासाठी नाक डावी-उजवी करा. उताराला एवढं पुरे.

वरच्या बोयाजवळ पोर्टवरून घाईने घुसू नका. बोयापासून तीन होड्यांच्या लांबीच्या वर्तुळात, म्हणजे १२-१३ मीटरच्या आत, पोर्टवरून स्टारबोर्डला वळलात आणि बोया गाठत असलेल्या स्टारबोर्डच्या होडीला तुम्हाला चुकवायला वर चढावं लागलं तर चूक तुमची, आणि दंड दोन फेऱ्यांचा. वारा झुलता असेल तर त्या वर्तुळाच्या आधी शंभर-दीडशे मीटरवरच शेवटचा टॅक ठरवून टाका. ले-लाइनवर लवकर पोचलेल्याला पुढची लिफ्टही कामाची नाही आणि हेडरही नाही.

होकायंत्राबद्दल: मोठ्या आकड्यांचं साधं चुंबकीय होकायंत्र शिकायला जास्त चांगलं, कारण तबकडी फिरताना दिसते. ते मास्टच्या (डोलकाठीच्या) मागे, डोळ्यासमोर, होडीच्या मधल्या रेघेवर बसवा. तिरकं बसलं तर दोन्ही टॅकचे आकडे एकाच बाजूला चुकतात. तपासायला होडीचं नाक नकाशावरून दिशा माहीत असलेल्या लांबच्या खुणेकडे सरळ धरा, होकायंत्राचा आकडा त्या दिशेशी जुळला पाहिजे. जीपीएस असलेलं यंत्र चालतं का ते घेण्याआधी क्लासच्या नियमांत आणि शर्यतीच्या सूचनापत्रात वाचा.

मेच्या उत्तरार्धात एक सावधगिरी. दुपारी उशिरा घाटावरचे ढग उंच, काळे होऊन किनाऱ्याकडे सरकले आणि चांगला चाललेला खारा वारा अचानक पडला, तर तो झोका नाही. पूर्वेकडून थंड, जोरदार झोत येणार असतो, आणि तो तुम्हाला समुद्राकडे ढकलतो. गडगडाट ऐकू आला की शर्यत सोडून किनाऱ्याला लागा, समितीच्या निशाणाची वाट पाहू नका.

सराव एकच सांगतो, दोन होड्यांचा. बरोबरीने सुटा, शिट्टीला एकीने स्टारबोर्डवर जायचं, दुसरीने पोर्टवर. दोन मिनिटांनी दोघी टॅक मारून एकमेकींकडे या आणि कोण पुढून जातं ते बघा. भेटण्याआधी प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं: वारा कुठे आहे, झुलला की सरकला, आणि किती अंश. सकाळी आठला सहा वेळा, दुपारी दोनला सहा वेळा, एकाच दिवशी.